टोकाशी काय आहे

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला आतड्यात आतडं शिरण्याचा आजार शिकवला जातो तो बाळांचा म्हणून. सहा-आठ महिन्यांचं, अंगानं चांगलं बाळ अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, थोड्या वेळानं निपचित होतं, पुन्हा किंचाळतं. मग रक्त आणि आंव मिसळलेली शी होते. बाळांमध्ये दहापैकी नऊ वेळा आतड्यात ठोस दोष सापडत नाही. बहुतेकांना गुदद्वारातून हवा किंवा पाणी दाबानं सोडलं की शिरलेलं आतडं मागं सरकतं आणि पोट न उघडता बाळ घरी जातं.

मोठ्या माणसाचं तसं नाही. या आजाराच्या शंभर रुग्णांत प्रौढ साधारण पाचच. पण त्यांच्यापैकी ज्यांना आतडं अडून शस्त्रक्रियेपर्यंत यावं लागतं, त्यांच्यात आत शिरलेल्या भागाच्या टोकाशी बहुतेक वेळा काहीतरी असतंच. चरबीची गाठ, पॉलिप, कधी कॅन्सर. वॉर्डात शिकणाऱ्या मुलांना मी एवढंच पुन्हा पुन्हा सांगतो: टोकाशी काय आहे हे कळेपर्यंत केस पेपर बंद करू नका.

*

हे होतं कसं? आतड्याचा वरचा भाग आकसतो, खालचा सैल पडतो आणि आतलं अन्न पुढं सरकतं. भिंतीतून पोकळीत लोंबणारी गाठ असली की ती लाट गाठीलाही पुढं ढकलते. गाठ भिंतीला धरून असते, म्हणून तिच्यामागं भिंतही ओढली जाते. घाईत शर्ट काढताना बाही अर्धी उलटून आत अडकावी, तसं. मात्र आतड्याबरोबर त्याला रक्त पुरवणारी मेसेंटरीही आत खेचली जाते, आणि खरा घात तिथं होतो. आधी शिरा दबतात, कारण त्यांच्यातला दाब कमी. रक्त येत राहतं, परत जात नाही. भिंत सुजते, सुजली की आणखी घट्ट अडकते. धमन्या दबू लागल्या की आतडं काळं पडायला लागतं.

यावरून कोणती गाठ ओढेल याचा अंदाज बांधता येतो. भिंतीला गोल वेढून आवळणारी कडक गाठ बहुधा वाट बंद करते. मऊ, देठाची, पोकळीत लोंबणारी गाठ ओढते. आणि जिथं मोकळं हलणारं आतडं संपून बांधलेलं आतडं सुरू होतं, तिथं हे जास्त घडतं. लहान आतडं संपून मोठं सुरू होतं तो उजवीकडचा कोपरा त्यातला मुख्य.

*

रुग्ण येतो तो दुसऱ्याच शब्दांत बोलत. "पोटात गोळा उठतो." "गोळा फिरतो आणि जातो." "जेवलं की अर्ध्या तासानं कळ येते, ओकारी झाली की बरं वाटतं." हे महिनोन् महिने चाललेलं असतं. घरात हिंग लावून झालेलं असतं, ओवा-सोडा झालेला असतो, बेंबी सरकली म्हणून कुणाकडून तरी पोट चोळून घेतलेलं असतं, ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं संपलेली असतात.

पुस्तकातली तीन लक्षणं, म्हणजे कळ, हाताला लागणारा गोळा आणि रक्ताची शी, प्रौढांत एकत्र फार क्वचित दिसतात. त्यांची वाट पाहणाऱ्या डॉक्टरच्या हातून हा आजार निसटतो. मला विचाराल तर सगळ्यात मोलाची खूण रुग्णानं स्वतःच सांगितलेली असते. कळ येते आणि पूर्ण जाते. मधले चार दिवस माणूस ठणठणीत असतो. आतडं शिरतं, सुटतं, पुन्हा शिरतं. त्या मधल्या दिवसांत तपासलं तर पोट मऊ, सोनोग्राफी नॉर्मल. मग "गॅसेस आहेत" असं सांगून त्याला परत पाठवतात. तो बिचारा मान डोलावतो, कारण त्या दिवशी त्याला खरंच काही होत नसतं.

अशा रुग्णाला मी सांगतो की कळ असतानाच या. रात्री आली तर रात्री या. काही खाऊ-पिऊ नका, पोट चोळून घेऊ नका, तसेच या.

*

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या आझार आणि बर्जर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला लेख या विषयावर अजूनही वाचला जातो. एवढं मोठं रुग्णालय, तीस वर्षांचा काळ, आणि शस्त्रक्रियेत सिद्ध झालेले प्रौढ रुग्ण फक्त ५८. सरासरी वय ५४. त्यातल्या ९३ टक्क्यांमध्ये आतड्यात दोष सापडला. ४४ जणांचा आजार लहान आतड्यातला, १४ जणांचा मोठ्या आतड्यातला, आणि दोन्हीकडे निम्म्याच्या आसपास गाठी कॅन्सरच्या.

वर्षाला दोन रुग्ण. तालुक्याच्या गावी नर्सिंग होम चालवणाऱ्या सर्जनला वर्षानुवर्षं असा रुग्ण दिसणार नाही. त्याला हे आठवावं अशी अपेक्षा धरताना हाही विचार करायला हवा.

*

लायपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ. दंडावर, पाठीवर असते तीच. आतड्यातही होते, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला जास्त. लहान असेपर्यंत काही त्रास नाही. चार-पाच सेंटिमीटरची झाली की ओढू लागते. घासून घासून तिच्यावर व्रण पडतो, रक्त जातं, आणि दुर्बिणीतून पाहणाऱ्याला तो कॅन्सर वाटू शकतो. सीटी स्कॅनवर मात्र चरबी चरबीसारखीच काळी दिसते, त्यामुळे बहुतेक वेळा ती आधीच ओळखू येते. आतडं शिरलेल्या प्रौढाच्या नातेवाइकांना चांगली बातमी सांगायची संधी क्वचित मिळते, त्यातली ही एक.

*

जोनाथन हचिन्सन या सर्जनचं नाव या आजाराच्या इतिहासात दोनदा येतं, आणि दोन्ही वेळा एकमेकांशी संबंध नसताना.

पॉल बार्बेट या ॲमस्टरडॅमच्या सर्जननं १६७४ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, पण पुढची दोनशे वर्षं पोट उघडणं म्हणजे जवळजवळ मृत्यूच होता. १८७१ मध्ये लंडनला हचिन्सननं दोन वर्षांच्या एका मुलीचं पोट उघडलं, शिरलेलं आतडं हातानं मागं सरकवलं आणि ती जगली. बालरोगाच्या शस्त्रक्रियांच्या इतिहासात ही नोंद आवर्जून येते.

पंचवीस वर्षांनी, १८९६ मध्ये, त्याच हचिन्सननं ओठांवर आणि तोंडात काळे ठिपके असलेल्या १२ वर्षांच्या जुळ्या बहिणींचं चित्र छापलं. आदल्याच वर्षी कॉनर नावाच्या डॉक्टरनं त्यांची नोंद केली होती. त्वचेची विचित्र खूण, एवढाच तेव्हा तिचा अर्थ. त्या दोघींतली एक विसाव्या वर्षी वारली, आतड्यात आतडं शिरून. १९१९ मध्ये ते नोंदलं गेलं. दुसरी बावन्नाव्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरनं गेली.

ज्याला हा आजार बरा करता आला होता, त्यानंच या आजारानं मरणार असलेल्या मुलीच्या ओठांवरच्या खुणेचं चित्र छापलं होतं. त्यात त्याचा काही दोष नव्हता. ओठ आणि आतडं यांचा संबंध कुणालाच माहीत नव्हता. १९२१ मध्ये नेदरलँड्समधल्या पॉइट्झ यांनी एकाच कुटुंबात ठिपके आणि आतड्यातले पॉलिप एकत्र दिसतात हे मांडलं. १९४९ मध्ये अमेरिकेत जेघर्स, मॅक्युसिक आणि कॅट्झ यांनी दहा रुग्णांवरून त्याला पक्कं रूप दिलं. तोच आजचा पॉइट्झ-जेघर्स सिंड्रोम. १९९८ मध्ये त्यामागचा जनुक सापडला, एसटीके ११.

हा इतिहास मी दरवर्षी शिकवतो तो तारखांसाठी नाही. ओठ पाहायला दहा सेकंद लागतात.

*

पॉइट्झ-जेघर्सबद्दल आणखी. ठिपके लहानपणी ठळक असतात. वयात आल्यावर ओठांवरचे पुसट होतात, गालाच्या आतल्या बाजूचे मात्र बहुधा टिकतात. म्हणून विशी-तिशीतला रुग्ण पोटदुखीसाठी आला तर टॉर्च घेऊन गालाच्या आत बघावं. आपल्याकडे सावळ्या माणसांच्या ओठांवर, हिरड्यांवर तसाही काळसरपणा असतो, तंबाखू-मिश्रीनंही डाग पडतात. तरीही सुटे, बारीक, तपकिरी-काळे ठिपके ओठांची कड ओलांडून त्वचेवर आले असतील, बोटांच्या टोकांवर असतील आणि भावंडांतही असतील, तर तो वेगळा मामला.

या रुग्णांपैकी निम्म्यांना वयाच्या विशीपर्यंत एकदा तरी आतडं शिरण्याचा त्रास होतो असा अंदाज आहे. पॉलिप लहान आतड्यात सगळ्यात जास्त, एक काढला तरी दुसरे असतातच. पूर्वी प्रत्येक वेळी हातभर आतडं कापलं जाई. तिसऱ्या-चौथ्या शस्त्रक्रियेनंतर अन्न पचायला पुरेसं आतडं उरत नसे, आणि मूळ आजारापेक्षा त्यावरचा उपाय जड होई. म्हणून इथं नियम उलटा. आतडं जिवंत असेल तर अलगद मागं घ्यायचं, छोटा छेद घेऊन पॉलिप काढायचे, आणि पोट उघडलंच आहे तर त्याच छेदातून दुर्बीण घालून उरलेलं आतडंही साफ करायचं.

जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ मध्ये दोन फुग्यांची एंडोस्कोपी दाखवली आणि लहान आतड्यात खोलवर जाऊन पॉलिप काढणं पोट न उघडता शक्य झालं. दीड-दोन सेंटिमीटरचा पॉलिप शिरायच्या आधीच काढून टाकता येतो. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत या आजारात घडलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट. पण ती सोय मोठ्या शहरांत आहे, आणि रुग्ण आठ वर्षांचा असताना कुणी त्याचे ओठ पाहून पाठवलं, तरच तिचा उपयोग.

*

बाकीच्या गाठींबद्दल तुटक.

लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, मऊ असतो. आतड्याला आवळत नाही, म्हणून ते लवचीक राहतं आणि शिरतं. तरुण माणसाच्या उजव्या कुशीत गाठ, वजन उतरलेलं, ताप, अशा वेळी तो मनात हवा.

जीआयएसटी म्हणजे 'जिस्ट'. आतड्याची लय सांभाळणाऱ्या काहाल पेशींशी नातं असलेली गाठ. बहुधा बाहेरच्या बाजूला वाढते, त्यामुळे फार वेळा ओढत नाही. आतल्या बाजूला वाढली तर ओढते, आणि रक्तही पुष्कळ जातं.

मेलॅनोमा हा त्वचेचा काळा कॅन्सर. दुसरीकडून लहान आतड्यात येऊन बसणाऱ्या कॅन्सरमध्ये याचं नाव वर आहे. भारतात तो कमी दिसतो, पण आपल्याकडे त्याची आवडती जागा म्हणजे तळपाय. पाच-सात वर्षांपूर्वी टाचेवरचा काळा डाग काढला होता, हे रुग्ण पोटदुखीच्या तक्रारीत सांगत नाही. त्याला ते आठवण्याचं कारणही नसतं. म्हणून "पूर्वी कुठली गाठ, कुठला डाग काढला होता का?" हा प्रश्न आपण विचारायचा.

मोठ्या आतड्यात मात्र कॅन्सर निघाला तर तो बहुधा तिथंच उगवलेला असतो.

*

अशा गाठींतून रक्त जातं, आणि आपण देतो रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या. आपल्याकडे हे इतकं रोजचं आहे की त्यामागचं कारण विचारायचं राहून जातं. पाळी येणाऱ्या बाईत कारण समोर दिसतं असं आपण धरून चालतो. पण पन्नाशीच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन आठ, पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईचं सात, आणि लोह कमी, तर रक्त कुठून तरी जात आहे. वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी व्हायलाच हव्यात. दोन्ही नॉर्मल आल्या तरी मधलं पाच-सहा मीटर लहान आतडं तपासायचं राहिलेलं असतं. कॅप्सूल एंडोस्कोपी त्यासाठीच आहे. फक्त कळा येत असतील, आतडं अडत असेल, तर कॅप्सूल गिळण्याआधी सीटी. नाहीतर कॅप्सूलच आत अडकून बसते.

*

मूळव्याधीचा धंदा मोठा आहे. एसटी स्टँडच्या भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर त्याच्या जाहिराती असतात. शौचातून रक्त गेलं की माणूस पहिल्यांदा तिकडे वळतो, आणि गुदद्वारात बोट घालूनसुद्धा न तपासता औषध घेऊन येतो. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, हे खरं. जेव्हा नसते तेव्हा सहा महिने गेलेले असतात. मला याचा राग येतो, आणि तो कमी व्हावा असं वाटत नाही.

क्वचित असंही होतं की डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्यातली गाठ आतडं ओढत ओढत गुदद्वाराबाहेर येते. घरचे म्हणतात, "अंग बाहेर येतं." बाहेर आलेल्या भागाच्या टोकावर गाठ दिसली, तर ते साधं अंग बाहेर येणं नव्हे. बाजूनं बोट घालून पाहिलं तर अंग बाहेर आलेल्या माणसात बोट लगेच अडतं. आतून शिरून आलेल्या आतड्याच्या कडेनं ते खोल जातं. बोटभर तपासणी, बाकी काही लागत नाही.

*

आपल्याकडचा आणखी एक अडथळा टीबीचा. लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची जाड भिंत, वजन घटलेलं, अधूनमधून आतडं अडणं, हे चित्र भारतात टीबीचं असण्याची शक्यता खरोखरच बरीच. म्हणून स्कॅनवर तशी भिंत दिसली की "टीबीची औषधं (एकेटी) सुरू करून बघू" असं होतं. लिम्फोमा आणि उजवीकडचा कॅन्सर स्कॅनवर अगदी असेच दिसू शकतात. सहा महिन्यांच्या औषधांनंतर कॅन्सर सहा महिन्यांनी मोठा झालेला असतो. दुर्बिणीतून तुकडा काढणं शक्य असेल तर आधी तुकडा, मग औषध.

*

आता उलट बाजू, आणि तीही तेवढीच महत्त्वाची. सीटी स्कॅन वेगवान आणि बारीक झाले, तसं भलत्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनवर आतड्यात आतडं शिरलेलं दिसू लागलं. मूतखड्यासाठी स्कॅन केला, रिपोर्टमध्ये हा मोठा शब्द आला, घर हादरलं. यातले बरेच क्षणिक असतात. लहान आतड्याचा वरचा भाग, साडेतीन सेंटिमीटरपेक्षा कमी लांबी, वरचं आतडं फुगलेलं नाही, टोकाशी गाठ नाही, रुग्णाला त्रास नाही. पुन्हा पाहिलं तर गेलेलं असतं. अशांचं पोट उघडू नये. सिलिॲक आजार असलेल्यांतही, म्हणजे ज्यांना गहू सोसत नाही त्यांच्यात, गाठ नसताना असं दिसतं.

स्कॅनवर गोलात गोल दिसतो, आणि मधे चरबी व रक्तवाहिन्या. हे चित्र एकदा पाहिलं की विसरता येत नाही. पण मी रेडिओलॉजिस्टना लांबी विचारतो, वरच्या आतड्याचा फुगवटा विचारतो, आणि टोकाशी काय दिसतं ते विचारतो. नुसत्या चित्रावर ऑपरेशन ठरवत नाही.

*

पोट उघडल्यावर हात शिवशिवतो. शिरलेलं आतडं समोर आहे, खालून हलकं दाबलं तर ते मागं सरकेल, रंग परत येईल, कमी कापावं लागेल. इथंच थांबून विचार करायचा असतो.

मोठ्या आतड्यात असेल तर मागं घेऊ नये, असं माझं ठाम मत, आणि बहुतेक सर्जनही तेच करतात. टोकाशी कॅन्सर असण्याची शक्यता मोठी. सुजलेलं आतडं दाबताना फुटू शकतं, त्यातलं घाण पाणी पोटात सांडतं, गाठ कुस्करली जाऊन पेशी पसरण्याची भीती असते. जसं आहे तसं, आसपासच्या लसिका ग्रंथींसकट एका तुकड्यात काढावं. पेशी पसरतात याचा भक्कम पुरावा नाही, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण फुटलेल्या आतड्याचे परिणाम पाहायला पुराव्याची वाट पाहावी लागत नाही.

लहान आतड्यात निर्णय सरसकट होत नाही. लायपोमा आधीच ओळखू आलेला आहे, पॉइट्झ-जेघर्सचा रुग्ण आहे, आतडं गुलाबी आहे, तर अलगद मागं घेऊन थोडक्यात काम करावं. रंग काळवंडलेला असेल किंवा कॅन्सरचा संशय असेल तर हात लावू नये.

*

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून लहान गावात तो नातेवाइकांच्याच हातात देतात. "लॅबमध्ये द्या." रुग्ण बरा झालेला असतो, पैसे संपलेले असतात, लॅब जिल्ह्याच्या गावी असते. काही बरण्या पोचत नाहीत, आणि पोचल्या तरी रिपोर्ट कुणी आणत नाही. टाके काढायला आलेल्या माणसाची पोटावरची जखम छान भरलेली असते, त्याला वाटतं झालं.

पण रिपोर्टवर पुढचं सगळं ठरतं. लायपोमा असेल तर तो मोकळा. लिम्फोमा असेल तर इंजेक्शनं सुरू व्हायला हवीत. जिस्ट असेल तर गाठीचा आकार आणि पेशींच्या विभाजनाचा वेग पाहून गोळ्या लागतील की नाही ते ठरतं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर असेल तर किती ग्रंथी तपासल्या आणि किती बाधित निघाल्या हे आकडे हवेत. पॉइट्झ-जेघर्सचा पॉलिप असेल तर पुढच्या आठवड्यात भावंडांना आणि मुलांना बोलवायचं. प्रत्येक अपत्याला तो जनुक मिळण्याची शक्यता निम्मी, आणि तपासणी आठव्या वर्षापासून सुरू करता येते.

म्हणून बरणी रुग्णालयानं स्वतः पाठवावी, रिपोर्टचा खर्च ऑपरेशनच्या बिलातच धरावा, आणि टाके काढायची तारीख रिपोर्ट येण्याच्या तारखेनंतरची द्यावी. आमच्याकडे आता तसंच करतो. रिपोर्ट आला नसेल तर टाके दोन दिवस जास्त राहतात, त्यानं काही बिघडत नाही.